चाकं फिरतात, गाडी हलत नाही

(दृश्य: रुळाच्या टोकाला छोटी कप्पी. तिच्यावरून खाली उतरलेल्या दोऱ्याला लोखंडी नटांची पुरचुंडी. पुरचुंडी डिजिटल वजनकाट्यावर.)

काट्यावर आत्ता 250 ग्रॅम दिसतायत. दोऱ्याचं दुसरं टोक मॉडेल रेल्वेच्या इंजिनाच्या कपलरला, म्हणजे डबे जोडायच्या आकड्याला, बांधलंय. वीज हळूहळू वाढवू. दोरा ताठ झाला. आकडा उतरायला लागला... 220... 190... आणि 162 वर अडला. इंजिन जागच्या जागी, चाकं मात्र गरगर फिरतायत. 250 मधून 162 वजा केले की उरतात 88. या इंजिनाची ओढ 88 ग्रॅम.

इंजिन एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. दोन बोग्यांचं डिझेल (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, खालचा चाकांचा गाडा), सगळी चाकं मोटरला जोडलेली, वजन 400 ग्रॅम. 88 म्हणजे वजनाच्या 22 टक्के. धातूचं चाक धातूच्या रुळावर असेल तर हा आकडा साधारण 20 ते 25 टक्क्यांतच खेळतो. मोटर दणकट बसवली तरी फरक पडत नाही. चाकं घसरली, याचा अर्थ मोटरमध्ये जोर शिल्लक आहे. संपली ती पकड.

चाकं किती, यालाही फारसं महत्त्व नाही. मोटरने फिरणाऱ्या चाकांवर वजन किती पडतं, तेवढंच मोजायचं. वाफेच्या इंजिनात पुढच्या लहान चाकांवरची स्प्रिंग कडक असेल तर ती इंजिनाचं तोंड उचलून धरते आणि मोठी चाकं रुळावर नुसती टेकतात. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, मोटर नसताना तिथे शिसं भरणं म्हणजे स्वतःहून एक डबा वाढवून घेणं. तरी लोक भरतात, कारण तिथे जागा असते.

(दृश्य: मालगाडीची वाघीण हातात. पाठीमागे कागदावर आकडेमोड.)

आता ओढायचं काय ते पाहू. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठीची शिफारस अशी: प्रत्येक डब्याला 28 ग्रॅम, आणि लांबीच्या दर इंचाला आणखी 14 ग्रॅम. सहा इंची वाघीण म्हणजे 112 ग्रॅम. ती चांगली घरंगळत असेल तर सपाट, सरळ रुळावर तिला ओढायला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे 2.8 ग्रॅम लागतात. 88 ग्रॅममध्ये अशा 31 वाघिणी येतात.

हाच रूळ 2 टक्क्यांनी चढवू, मीटरमागे 2 सेंटिमीटर. वाघिणीची गरज जाते 5 ग्रॅमवर. शिवाय इंजिनाला स्वतःचं वजनही चढवायचंय, त्यात 8 ग्रॅम खर्च. राहतात 15 वाघिणी. चढावरच 46 सेंटिमीटर त्रिज्येचं वळण आलं तर 11. एचओमधला ठोकताळा असा, की 80 ला सेंटिमीटरमधल्या त्रिज्येने भागलं की वळण किती टक्के चढासारखं वागतं ते कळतं. इथे पावणेदोन टक्के. चढ 4 टक्के असेल तर सरळ रुळावरसुद्धा 9 वाघिणींत खेळ आटोपतो.

म्हणून इंजिन उघडण्याआधी वाघिणी तपासा. सगळ्यात स्वस्त ओढ तिथेच मिळते.

(दृश्य: फळीवर ठोकलेला मीटरभर रूळ. एका टोकाखाली पुठ्ठ्याचे तुकडे.)

फळीचं एक टोक थोडं थोडं उचलायचं, दर वेळी वाघिणीला बोटाने हलकं ढकलायचं. टोक 25 मिलिमीटरवर आलं आणि ती न थांबता खाली गेली, तर अडीच टक्के. ठीक आहे. काही वाघिणी 50 मिलिमीटरपर्यंत हलायला तयार नसतात. अशी एक वाघीण सपाट रुळावर दोघींची ओढ खाते. तिला उलटी करा आणि भिंगातून आसाची टोकं बघा. केस, गालिच्याचा धागा, तेलात घट्ट झालेली धूळ, यांपैकी काहीतरी सापडतंच. ते चिमट्याने काढा. बोगीच्या प्लास्टिकच्या कानांत आस आवळला गेला असेल तर त्याला किंचित डावी-उजवी हालचाल मिळाली पाहिजे. टोकदार आसांची धातूची चाकं बसवली की बहुतेक वेळा दुखणं संपतं. प्लास्टिकच्या बोगीत तेल मात्र घालू नका, ते धूळ बोलावून आणतं. फार तर कोरड्या ग्रॅफाइटची चिमूट.

दिवे असलेल्या प्रवासी डब्यांकडे वेगळं लक्ष द्या. वीज घेण्यासाठी आसावर टेकलेली तांब्याची पट्टी जरा जास्त दाबून बसली की तिचा ब्रेक होतो. सहा डब्यांच्या गाडीत असे सहा ब्रेक लागलेले असतात, आणि शिव्या इंजिनाला.

रुळातही खोट असू शकते. सपाटीवरून एकदम 2 टक्के चढ सुरू केला तर त्या खळग्यात लांब, ताठ चौकटीच्या इंजिनाची मधली चाकं अधांतरी राहतात, आणि वर पोचल्यावर टोकाची. पकड जाते ती नेमकी तिथेच. दर 15 सेंटिमीटरला अर्धा टक्का, अशा बेताने चढ वाढवत न्या.

(दृश्य: इंजिनाचं कवच काढलेलं. आतली धातूची चौकट, मोटर, दोन्ही बाजूंचे दांडे.)

एवढं करूनही कमी पडलं तर वजन वाढवायचं. मूळ चौकट बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची, घनता घन सेंटिमीटरला सुमारे 6.6 ग्रॅम. शिशाची 11.3, टंगस्टनची 19.3. एन मापाच्या, म्हणजे 160 पट लहान इंजिनात जागाच नसते, तिथे टंगस्टनची लुकण कामाला येते. शिसं वापरलंत तर त्यावर रंगाचा हात द्या, कानशीने घासून भुगा उडवू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. वजन टाकून झालं की चौकट पेन्सिलीवर आडवी तोलून बघा. तोल दोन बोग्यांच्या बरोबर मध्ये आला पाहिजे.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. 60 ग्रॅम वाढवले तर 2 टक्के चढावर हिशेबाने सव्वादोन-अडीच वाघिणी वाढतात, जास्त नाही.

आणि एक परीक्षा न चुकता घ्या. वाटेत अ‍ॅमीटर जोडा, 12 व्होल्ट द्या, इंजिन अडवून धरा. चाकं घसरलीच पाहिजेत. घसरताना जो प्रवाह दिसेल तो डीकोडरच्या, म्हणजे इंजिनात बसून मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या, क्षमतेखाली हवा. एचओच्या बऱ्याच डीकोडरांची सलग क्षमता 1 अँपिअरच्या आसपास असते. चाकं घसरण्याऐवजी जाम झाली तर त्याच क्षणी वीज बंद करा. वजन जास्त झालंय. चाकांचं घसरणं हा या यंत्राचा फ्यूज आहे. तो काढून टाकला तर मोटरचं वेटोळं तापतं, नाहीतर डीकोडर जातो, नाहीतर प्लास्टिकचा गेअर चिरतो.

(दृश्य: चाकाच्या खाचेत बसलेलं रबरी कडं, अगदी जवळून.)

रबरी कडी, म्हणजे ट्रॅक्शन टायर, पकड झटक्यात वाढवतात. पण रबराच्या चाकातून वीज येत नाही. आठांपैकी दोन चाकांना कडी असतील तर रुळाशी विजेचा संबंध सहाच चाकांचा, आणि रूळ बदलायच्या सांध्याच्या वीज नसलेल्या भागावर इंजिन अडखळतं. खाच नसलेल्या चाकावर कडं चढवू नका. व्यास वाढतो आणि इंजिन लंगडतं. जुनं कडं लाकडी काडीने काढा, खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. नवं कडं एका बाजूला अडकवून पीळ न पडू देता फिरवत बसवा. गेअरमधलं जादा तेल चाकावर ओघळलं की रबर सैल होऊन सुटतं. तेलाचा एक थेंब खूप झाला.

लोहचुंबकाचा मार्गही जुना आहे. लायोनेल कंपनीने 1950 मध्ये मॅग्ने-ट्रॅक्शन आणलं. पण त्याला पोलादी रूळ लागतात. आजचे निकेल-सिल्व्हरचे रूळ चुंबकाला दाद देत नाहीत, त्यामुळे रुळाखाली पोलादी पट्ट्या घालाव्या लागतात, आणि त्या लेआउट उभारतानाच घातलेल्या बऱ्या.

लांब गाडीला खरा उतारा म्हणजे दोन इंजिनं. आधी दोघांना एकाच फेऱ्यावर अंतर ठेवून, न जोडता पळवा. अंतर घटत-वाढत असेल तर डीकोडरमध्ये सीव्ही (म्हणजे सेटिंगचे क्रमांक) 2, 5 आणि 6, किंवा 67 ते 94 चा वेगतक्ता जुळवून घ्या. नाहीतर एक ओढतं, दुसरं ढकललं जातं, आणि दोघांचीही चाकं झिजतात.

दोन्ही इंजिनं पुढेच जोडून 40 वाघिणी अरुंद वळणावरून ओढल्या, की ताणलेली गाडी सरळ व्हायला बघते. पुढच्या वाघिणींत एखादी हलकी, रिकामी असली तर ती आतल्या बाजूला उलटते. अशा वेळी दुसरं इंजिन गाडीच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात घाला, आणि हलक्या वाघिणी त्याच्याही मागे.