शनिवारची संक्रांत

मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला. संक्रांत होऊन अकरा दिवस झाले. हॉल आजचा मिळाला, म्हणून आज.

परवा लेक शाळेचा प्रकल्प करत बसली होती. विषय मेक्सिकोतले अ‍ॅझटेक. त्यांची दोन पंचांगं, एक ३६५ दिवसांचं, दुसरं २६० दिवसांचं. दोन्ही पुन्हा जुळायची ती १८,९८० दिवसांनी, म्हणजे ५२ वर्षांनी. त्या रात्री सूर्य कायमचा विझेल अशी धास्ती. एकूणएक चूल विझवायची, घरातले देव आणि चुलीचे दगड पाण्यात सोडायचे. गरोदर बायकांना घायपाताच्या पानाचे मुखवटे घालून कणगीत ठेवायचं. पोरांना आया हलवून हलवून जागं ठेवत, झोपलं तर उंदीर होईल म्हणून. सगळे गच्चीवर चढून अंधारात एका डोंगराकडे डोळे लावून बसलेले.

आणि पुजारी बघत होते काय, तर आपल्या कृत्तिका! त्या मध्यरात्री माथ्यावरून पुढे सरकल्या की जग तरलं. मग एका कैद्याच्या छातीवर लाकूड घुसळून अग्नी पाडायचे, अगदी अरणीसारखा, आणि त्याचं काळीज त्या जाळात घालायचे. हे वाचून लेक बराच वेळ गप्प होती. मीही. तोच विस्तव आधी मोठ्या देवळात, मग घरोघरच्या चुलीत जायचा.

शेवटची अशी रात्र १५०७ सालची. पुढची यायची १५५९ला, पण १५२१ मध्येच स्पॅनिश लोकांनी त्यांची राजधानी पाडली.

लेकीने वही मिटली आणि विचारलं, "आई, त्यांनी ती रात्र शनिवारी ठेवली असती का?"

मी चिडले. हॉल, पार्किंग, लोकांच्या नोकऱ्या, सगळं ऐकवलं. तिचे बाबा तिच्या बाजूने बोलले, मग आमचंच वाजलं. पण प्रश्न काही जाईना. आपण दिवाळी पुढे ढकलतो, गणपती रविवारी पाचच्या आत बोळवतो. हॉल मिळतो तेव्हा जमूया, जरूर जमूया. पण खऱ्या तिथीला घरी निदान एक दिवा? पहाटेची ती थंडी, अंगाला लागलेलं उटणं, पायाखाली फुटलेलं कारीट... तेव्हा आपल्याला कुणीतरी हलवून हलवून उठवलं होतं ना?

लेकीने कालनिर्णयवर नरक चतुर्दशीला पेनाने गोल केलाय. कामाचा वार आहे. मला सकाळी आठला ऑफिस, तिला शाळा. मी अजून तिला हो म्हटलेलं नाही.