सीबीआयची केस कोर्टात लढवतं कोण?

नमस्कार मंडळी, सीबीआयची कुठे धाड पडली की टीव्हीवर दिवसभर तेच चालू, पण पुढे कोर्टात ती केस लढवतं कोण हे कुणी सांगतच नाही, तर आज त्याबद्दल बोलू.

सीबीआयमध्ये यासाठी डिरेक्टरेट ऑफ प्रॉसिक्यूशन नावाचं वेगळं खातंच आहे. खाली पब्लिक प्रॉसिक्यूटर, मग सिनियर, त्यावर लीगल अ‍ॅडव्हायझर मंडळी आणि सगळ्यात वर डिरेक्टर. तपास अधिकारी, म्हणजे आयओ, फाइल पाठवतो आणि ही वकील मंडळी ती वाचून सांगतात की पुराव्यात दम आहे का, की उलटतपासणीत पहिल्याच साक्षीदाराला सगळं गळपटणार.

या डिरेक्टरला नेमतं केंद्र सरकार, केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीवरून, जॉइंट सेक्रेटरीच्या खालच्या दर्जाचा माणूस चालत नाही आणि मुदत किमान 2 वर्षं. हे सगळं 2013 च्या लोकपाल कायद्याने आलं. छानच आहे, पण त्याच कलमात पुढे असंही लिहिलंय की हा डिरेक्टर सीबीआयच्या प्रमुखाच्या देखरेखीखाली आणि नियंत्रणात काम करणार! म्हणजे ज्याच्या माणसांनी तपास केला त्यालाच सांगायचं, साहेब, तुमचा तपास कच्चा आहे. बोलणारे बोलतही असतील, पण रचना काही त्यांच्या बाजूने नाही.

आणि 1995 मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या सहायक सरकारी वकिलांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं होतं की यांना पोलिसांच्या ताब्यातून काढा, वेगळं केडर, म्हणजे स्वतंत्र सेवा करा. राज्यांना हा नियम, आणि दिल्लीच्या सीबीआयला? आता 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) राज्यांच्या डिरेक्टरेटची रचना नीट मांडलीय, तीही गृहखात्याखालीच बरं का, म्हणजे पोलिस ज्या छपराखाली त्याच छपराखाली.

मोठी केस आली की बाहेरचा वकील आणतात. 2जी स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या केसमध्ये 2011 साली सुप्रीम कोर्टानेच उदय लळित यांना स्पेशल प्रॉसिक्यूटर नेमलं, हेच पुढे सरन्यायाधीश झाले. 2014 मध्ये ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले, केस दुसऱ्या वकिलांकडे गेली आणि डिसेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले. त्यावरचं सीबीआयचं अपील दिल्ली हायकोर्टाने ऐकायला घेतलं ते थेट मार्च 2024 मध्ये.