पिकअपचं नाक किती उचलायचं?

(दृश्य: कुपवाड एमआयडीसीतली एक शेड, सकाळची वेळ. दारात पांढरी पिकअप. कॅमेरा जमिनीलगत, गाडीच्या बाजूनं.)

बाजूनं बघा. बोनेट खाली, हौदा वर. शोरूममधून पिकअप अशीच बाहेर पडते. इसुझूची व्ही-क्रॉस असो की टोयोटाची हायलक्स, रिकामी उभी असताना मागची बाजू पुढच्यापेक्षा उंचच दिसते. मागं पाटे आहेत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, आणि ते भरलेल्या हौद्याचा हिशेब धरून बसवलेत. माल पडला की पाटे दबतात, मागची बाजू खाली येते, गाडी सरळ होते. म्हणजे रिकाम्या गाडीचं हे झुकणं कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं आहे.

व्ही-क्रॉस २०१६ मध्ये भारतात आली, हायलक्स २०२२ मध्ये. सांगली-तासगाव पट्ट्यातल्या बागायतदाराला अशी गाडी दोन्हीकडं चालते. आठवडाभर खताची पोती आणि फवारणीची औषधं, रविवारी तीच गाडी धुऊन लग्नाला. लग्नाच्या मांडवासमोर नाक खाली घालून उभी राहिलेली गाडी बरी दिसत नाही, असं घरातल्या पोरांचं म्हणणं असतं. मग कुणीतरी सांगतं, पुढून दोन इंच उचलून घ्या, एकदम भारदस्त दिसते. दिसते, यात वाद नाही.

ही गाडीही तशीच उचललेली आहे. उचलायचं किट, म्हणजे स्प्रिंगपाशी बसणारी स्पेसर नावाची जाड चकती, दुसरीकडून बसवून आणलंय, आणि आता मालक तासगावाहून इथं आलेत.

"मिस्त्री, किट घातल्यापासनं गाडी लई आपटायलीय. गतिरोधकावरनं उतरली की पुढं ठक्कन वाजतंय. आई म्हणती, या गाडीत मी बसत न्हाई."

"स्पेसर कुठं बसवलाय? स्प्रिंगच्या आत का वर?"

मालकांना ते माहीत नाही. बहुतेकांना नसतं. किट विकणाराही इंच किती ते सांगतो, स्पेसर कुठं बसणार ते सांगत नाही. आणि या गाडीचं दुखणं नेमकं तिथंच आहे.

(दृश्य: गाडी जॅकवर, चेसिसखाली घोड्या. पुढचं चाक काढलेलं. स्प्रिंग आणि शॉकअप जवळून.)

पुढच्या चाकाला दोन आर्म आहेत, वरचा आणि खालचा. खालच्या आर्मवर शॉकअप उभा आहे आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, शॉकअप तिच्या उसळीला आवर घालतो. गाडी सपाट रस्त्यावर उभी असताना चाक वरही जाऊ शकतं आणि खालीही. वर जायची जागा सगळ्यांच्या लक्षात येते, कारण खड्ड्यात चाक वर दाबलं जातं. खाली जायची जागा कुणी मोजत नाही. गतिरोधकावरून उतरताना, रस्त्याची कड सोडून साइडपट्टीवर जाताना चाकाला खाली पडायचं असतं, आणि ते जमिनीला धरून पडलं तरच आतल्या माणसाला धक्का बसत नाही.

आता हिशेब करू. समजा, गाडी उभी असताना चाकाला खाली जायला ८० मिलीमीटर जागा आहे. स्प्रिंग आणि तिची बैठक यांच्यामध्ये स्पेसर घातला. गाडी ५० मिलीमीटर वर आली. पण शॉकअपची लांबी आहे तेवढीच आहे. उभ्या गाडीतच तो ५० मिलीमीटर जागा खाऊन बसला, म्हणजे खाली जायला उरले ३०. गतिरोधकावरून चाक पडतं, तीस मिलीमीटरवर शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि ठक्कन अडतो. मालकांना ऐकू येतो तो हाच आवाज.

यावर गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं निदान म्हणजे "स्प्रिंग कडक झाली." स्प्रिंग कडक झालेली नाही. साध्या स्प्रिंगला आधीच दाबून बसवलं म्हणून तिचा कडकपणा बदलत नाही. एक इंच दाबायला जेवढा जोर लागायचा तेवढाच लागतो. कडक वाटतं ते चाकाची खालची वाट बंद झाल्यामुळं. निदान चुकलं की इलाजही चुकतो. लोक शॉकअप बदलतात, टायरमधली हवा कमी करतात, सीटवर गादी टाकतात.

जुन्या काही गाड्यांना पुढं स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन वजन पेलणारी पोलादी दांडी असते. तिथं तर स्पेसरही लागत नाही, बोल्ट पिळला की गाडी वर. फुकटात होतं म्हणून लोक पिळत राहतात, आणि तिथंही खालची जागा अशीच संपते.

(दृश्य: स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये अडकवलेली. मिस्त्री बाजूला उभे राहून पाना फिरवतात.)

मिस्त्री कुठं उभे आहेत ते बघा. समोर नाहीत, बाजूला आहेत. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो, आणि कॉम्प्रेसरचा आकडा निसटला तर तो एका क्षणात बाहेर येतो. व्हिडिओ बघून घरी करण्याचं हे काम नाही, आमचाही बघून नाही.

आतला स्पेसर निघाला. त्याच्या जागी आता दुसरा बसणार आहे, पण शॉकअपच्या डोक्यावर, चेसिस आणि वरची प्लेट यांच्यामध्ये. याला स्प्रिंग दाबावी लागत नाही. शॉकअप आणि स्प्रिंग मिळून सगळा संचच खाली सरकतो. उभ्या गाडीत शॉकअप कंपनीनं ठेवला होता तेवढाच उघडा राहतो, म्हणून चालताना गाडी जवळजवळ मूळच्यासारखीच वागते.

जाडीकडं मात्र लक्ष द्या. शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाला नाही, मध्यावर कुठंतरी बसलाय. त्यामुळं वर २५ मिलीमीटरचा स्पेसर घातला तर चाकापाशी गाडी साधारण दुप्पट उचलली जाते. दोन इंच हवेत म्हणून दोन इंचाचा स्पेसर घालणारा माणूस गाडी चारेक इंच वर नेऊन ठेवतो आणि मग आर्म, जॉइंट सगळं वाकड्या कोनात जातं.

या पद्धतीतही फुकट काही मिळत नाही. चाक आता आधीपेक्षा जास्त खाली लोंबकळतं. तिथं आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट आपल्या टोकाला जातो, वरचा आर्म स्प्रिंगला घासू शकतो, आणि फोर बाय फोर असेल तर पुढच्या एक्सलचे जॉइंट जास्त तिरके फिरतात. त्यांचं रबर फाटलं की ग्रीस बाहेर आणि माती आत. शिवाय मोठ्या खड्ड्यात पूर्वी रबरी बंप स्टॉप आधी अडवायचा, आता त्याच्या आधी शॉकअपच आतून तळाला टेकू शकतो. म्हणून मिस्त्री गाडी एक इंच उचलण्यावर समाधानी आहेत. दोन इंचाच्या पुढं जायचं असेल तर स्पेसर सोडा, पूर्ण नवा शॉकअप-स्प्रिंगचा संच आणि वेगळा वरचा आर्म घ्या, असं ते सांगतात. खर्च ऐकून मालक विषय बदलतात.

(दृश्य: हौद्यात बेदाण्याचे बॉक्स चढवले जातात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप.)

एक इंचच का? सरळच करायची तर पूर्ण सरळ का नको? याचं उत्तर टेपनं मिळतं. फरशी सपाट, चारी टायरमध्ये बरोबर हवा. आधी रिकाम्या गाडीची चारी चाकांपाशी मापं घेतली. मग बेदाण्याचे पंधरा किलोचे वीस बॉक्स मागं ठेवले, म्हणजे ३०० किलो. पुन्हा मापं घेतली. मागची बाजू खाली आलीच, पण वजन मागच्या एक्सलच्या पलीकडं जास्त असेल तर पुढचं नाक उलट किंचित वर येतं. पुढचा भाग आधीच मागच्याइतका उचललेला असता तर भरलेली गाडी आभाळाकडं बघत चालली असती. पुढच्या चाकांवरचं वजन कमी, स्टिअरिंग हलकं आणि सैल, ब्रेक मारताना पुढची पकड कमी. औषध फवारणीची ५०० लिटरची टाकी भरून मागं ठेवणाऱ्याचा तर विचारच करायला नको. अर्धा टन पाणी आणि तेही हलणारं.

म्हणून ज्याच्या हौद्यात खरोखर माल पडतो, त्यानं थोडं झुकणं शिल्लक ठेवावं. फक्त दिसण्यासाठी गाडी ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. आणि रोज धंद्याचा माल वाहणाऱ्या पिकअपनं या भानगडीत पडूच नये.

मालक विचारतात, मग मागचीच बाजू खाली केली तर? रिकामी गाडी छान दिसेल. पण पाट्यांना दबायला जी जागा आहे तीच तुम्ही कमी करणार, आणि भरल्यावर मागून आपटणार. द्राक्षाच्या क्रेटमध्ये त्या आपटण्यानं घडातले मणी सुटतात. व्यापाऱ्याला ते दाखवून बघा.

(दृश्य: गाडी चाकांवर उभी. मिस्त्री खाली आडवे होऊन आर्मचे बोल्ट आवळतात.)

आता जे चाललंय ते घाईच्या कामात हमखास राहून जातं. आर्म जिथं चेसिसला धरलाय तिथं रबरी बुश आहे. त्याचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, फक्त पिळतं. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केला तर बुश त्याच स्थितीत कायमचा धरला जातो. गाडी खाली आली की तो सतत ओला पंचा पिळल्यासारखा पिळलेला राहतो. गाडी विनाकारण ताठ वाटते आणि बुश लवकर फाटतो. म्हणून आर्मचे बोल्ट आधी हातानं, आणि शेवटचं आवळणं गाडी आपल्या वजनावर उभी असताना, टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं. तासभराचं जास्तीचं काम नाही, पण खाली आडवं व्हावं लागतं, म्हणून टाळतात.

यानंतर अलाइनमेंट. उंची बदलली की चाकाचे तीन कोन, कॅम्बर (चाक आत-बाहेर कलणं), कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढं-मागं कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं), तिन्ही हलतात. कास्टर कमी झाला तर वळणावरून स्टिअरिंग आपोआप मागं येत नाही, आणि महामार्गावर गाडी इकडंतिकडं भटकते. टो बिघडला तर टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका बाजूनं झिजतो. "गाडी सरळ धावतेय की" म्हणून हे टाळणारा टायरच्या दुकानात भेटतोच.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली. वॉरंटी आणि विम्याचं काय होणार, ते बसवण्याआधी कागदावर विचारून घ्यावं.

(दृश्य: माधवनगर, कवलापूर, तासगाव रस्ता. गाडीच्या आतून.)

पहिला गतिरोधक. उतरताना आवाज नाही. दुसऱ्यावर मालकांनी मुद्दाम थोडा वेग ठेवला. गाडी एकदा खाली बसली आणि सावरली. रिकाम्या पिकअपच्या मागच्या पाट्यांची उडी तेवढी आहे, ती राहणारच; पुढं काहीही बसवलं तरी मागचे पाटे मऊ होत नाहीत.

परत शेडमध्ये आल्यावर एक काम उरलं. हेडलाइट. नाक वर आलं की उजेडही वर गेला, आणि पेठ नाक्यावरून आष्टामार्गे रात्री येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत. भिंतीसमोर गाडी उभी करून, हौद्यात ते वीस बॉक्स पुन्हा ठेवून, मिस्त्रींनी दोन्ही दिवे खाली घेतले. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायला या, असं सांगितलं.

"आणि टायर जरा मोठं घालूया का?" मालक.

"मोठं टायर म्हंजे जड चाक, मालक. शॉकअपला आवरत न्हाई, परत आपटंल. स्पीडोमीटरबी कमी दाखवतंय मग."

"पण दिसतंय तर भारी."

"आक्टोबरची छाटणी होऊ द्या, मग बघू."