नळाला येणारं पाणी कुठून निघतं

(पडद्यावर: पहाटेची चाळ, रांगेत ठेवलेली पिंपं, नळाखाली कळशी)

मे संपत आला की मुंबईत रोज एकच बातमी असते, सात तलावांत पाणी किती टक्के उरलं. पालिका सकाळी ६ वाजताचा आकडा काढते, तो पेपरात येतो, चॅनलवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतं, आणि मग जुलैमध्ये कधीतरी तानसा भरून वाहायला लागला की टीव्हीवर तो फेसाळणारा सांडवा दाखवतात आणि खाली पट्टी फिरते, मुंबईकरांची चिंता मिटली. चिंता खरंच मिटते का, आणि ती कोणाची मिटते, हे बघायला आपण आज ह्या पाण्याच्या उलट दिशेने जाणार आहोत, म्हणजे नळापासून धरणापर्यंत.

आधी आकडा समजून घेऊ कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मुंबईचे सात तलाव म्हणजे भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी. सातही काठोकाठ भरले तर साठा होतो १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. आणि शहराला रोज लागतं साधारण ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटर. गुणाकार करून बघा, वर्षाचे होतात चौदा लाखांच्या वर. म्हणजे तलाव पूर्ण भरले तरी आपल्याकडे जेमतेम एक वर्षाचं पाणी असतं, पुढच्या वर्षासाठी शिल्लक असं काही नसतं. पाऊस पंधरा-वीस दिवस लांबला की लगेच कपात. २०२४ मध्ये हेच झालं, ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागली ती जुलैच्या शेवटी उठली.

(पडद्यावर: धोबी तलाव, सीपी टँक, गोवालिया टँक, जुन्या मुंबईचे नकाशे)

हे शहर आधी आपल्याच विहिरींवर आणि तळ्यांवर जगायचं. धोबी तलाव, सीपी टँक, गोवालिया टँक, दोन टाकी, ह्या नावांच्या जागी आज ट्रॅफिक आहे पण तिथे खरोखर पाणी होतं. वस्ती वाढली, पाऊस दगा द्यायला लागला, तळ्यांचं पाणी घाण व्हायला लागलं आणि मग १८६० मध्ये विहार तलाव झाला, मिठी नदीवर. १८७९ मध्ये तुळशी. आणि तेही पुरेनात म्हणून शहर बाहेर पडलं, १८९२ मध्ये थेट शहापूर तालुक्यात तानसा. तिथून पुढे गोष्ट सारखी तीच आहे, शहर वाढायचं आणि पाण्यासाठी आणखी लांब जायचं. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर, पालिकेचे इंजिनिअर मोडक यांचं नाव त्याला दिलंय. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, ते तर नाशिक जिल्ह्यात इगतपुरीकडे. मग भातसा, आणि शेवटचं २०१४ मध्ये मध्य वैतरणा, १०२ मीटर उंचीचं काँक्रीटचं धरण.

आज विहार आणि तुळशी, जे शहराच्या हद्दीत आहेत, ते दोन्ही मिळून एकूण साठ्याच्या अडीच टक्के भरतात. अडीच! बाकी सगळं बाहेरून येतं. आणि एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा आहे. विहार ओव्हरफ्लो झाला की आपल्याकडे फोटो फिरतात, आनंद होतो आणि व्हावाच, पण पवईत किती पडला त्याने आपलं वर्ष ठरत नाही, शहापूर-इगतपुरीच्या डोंगरात किती पडला त्याने ठरतं.

(पडद्यावर: भातसा नदीचं पात्र, पिसे बंधारा, मोठ्या जलवाहिन्या)

आता प्रवास. भातसा धरणातून पाणी नदीत सोडतात, ते नदीतूनच खाली पिसे गावापर्यंत येतं, तिथे हवेने फुगणारा न्यूमॅटिक बंधारा आहे, तो पाणी अडवतो, तिथून पंपांनी उचलून पांजरापूरला शुद्धीकरण, आणि मग ठाण्याकडून मुंबईत. वैतरणेचं आणि तानसाचं पाणी मात्र बरंचसं स्वतःच्या उताराने येतं, भांडुप कॉम्प्लेक्सला, जे आशियातल्या सगळ्यात मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांपैकी एक आहे. शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, आणि मोठ्या भागात पंप न लावता, फक्त उंचीच्या फरकावर. ज्यांनी हे आखलं आणि जे आजही पावसापाण्यात त्या वाहिन्यांवर फिरतात त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो, हे सांगायलाच हवं.

शहरात आल्यावर पाणी थेट नळाला जात नाही, आधी टेकडीवरच्या जलाशयांत चढतं. मलबार हिलला हँगिंग गार्डनमध्ये आपण फिरायला जातो ते गार्डन जलाशयाच्या डोक्यावर आहे. माझगावला भंडारवाडा टेकडीवरच्या बागेखालीही तसंच. आणि ह्या जलाशयांतून कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी जाणार हे ठरवतात चावीवाले. हातात लांब लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, इतके आटे उघड, इतके बंद. मुंबईत चोवीस तास पाणी जवळपास कुठेच नाही, प्रत्येक भागाचा टाइम ठरलेला आहे, कुठे पहाटे चारला, कुठे संध्याकाळी, कुठे दोन तास, कुठे त्याहून कमी, आणि तो टाइम सांभाळतो हा माणूस. पाणी कमी आलं की शिव्या पहिल्या त्यालाच बसतात, वर पाणीच कमी सुटलं असेल तर त्याच्या हातात काही नसतं तरीसुद्धा.

ज्यांच्या इमारतीला खाली टाकी आहे, वर टाकी आहे, मोटर आहे, त्यांना हा टाइम माहीतही नसतो, नळ उघडला की पाणी. पण घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत प्रेशर चढत नाही, तिथे घरातलं कोणीतरी एक जण पाण्यासाठीच जागं राहतं, बहुतेक वेळा बाई किंवा शाळेत जाणारी मुलगी. कपात १० टक्के जाहीर होते ती कागदावर सगळ्यांना सारखी, पण लाइनच्या शेवटच्या टोकाला ती दहा टक्के राहत नाही, तिथे प्रेशरच मरतं आणि हंडा भरतच नाही. आणि कित्येक वस्त्यांना तर कनेक्शनच नव्हतं, कारण झोपडं अमुक तारखेनंतरचं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हक्क समिती त्यासाठी लढली होती. २०२२ मध्ये पालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण आणलं. तरी अजून पिंपाच्या भावाने पाणी विकत घेणारी घरं आहेत, आणि लिटरमागे हिशोब केला तर ती टॉवरमधल्या फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात. गरिबाने महाग पाणी प्यायचं हे मला कधीच पटलेलं नाही.

(पडद्यावर: कसारा लोकल, आटगाव, खर्डी, डोंगरातला कच्चा रस्ता)

आता शेवटच्या टप्प्यावर येऊ, आणि खरं म्हणजे हा व्हिडिओ त्याच्यासाठीच केलाय. कसारा लोकल पकडा, आसनगाव, आटगाव, खर्डी. ह्या स्टेशनांवरून आत गेलात की तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा सगळी ह्याच पट्ट्यात. आणि ह्याच शहापूर तालुक्यात फेब्रुवारी-मार्च उजाडला की गावपाड्यांवर टँकर सुरू होतात. दरवर्षी. टँकर येतो, पाणी विहिरीत ओततो, आणि ते ओतलेलं पाणी बायका दोरी टाकून परत उपसतात. विहीर कोरडी म्हणून टँकर, आणि टँकर रिकामा करायला विहीर. ठाकूर, कातकरी, वारली समाजाचे पाडे आहेत हे, काही पाड्यांवरून समोर धरणाचं पाणी दिसतं.

मग ते पाणी का मिळत नाही? पाऊस इथे धो धो पडतो पण खाली काळा पाषाण, वर तीव्र उतार, पाणी मुरत नाही, दिवाळीनंतर ओढे आटायला लागतात. गावं उंचावर, धरण खाली, उचलायचं तर पंप, वीज, लाइन आणि ते चालवायला दरमहा पैसे, जे छोट्या ग्रामपंचायतीकडे नसतात. आणि मुख्य गोष्ट, धरणं बांधतानाच हिशोब शहराच्या नावाने झाला, गाव त्या हिशोबात आलंच नाही. ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते वर डोंगरावर सरकले आणि तहानलेले राहिले. इगतपुरीतल्या भावली धरणातून उताराने शहापूरला पाणी आणायची योजना आहे, भावली उंचावर असल्यामुळे पंपाची गरज फारशी नाही, कल्पना चांगली आहे, पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईसाठी जे डोंगर पोखरून झालं ते ह्या पाड्यांसाठी आत्ता आत्ता सुरू होतंय ही गोष्ट बोचतेच.

असं नाही की दुसरं काही करताच येत नाही. बदलापूरजवळच्या बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा लोक अडून बसले आणि त्यातून घरटी एकाला नोकरी हा निर्णय झाला, एमआयडीसीत आणि पाणी घेणाऱ्या महापालिकांमध्ये. पाणी घेणारा देणाऱ्याचं काहीतरी देणं लागतो हे तिथे निदान कागदावर आलं. मुंबईने शहापूरसाठी असं काय केलं, हा प्रश्न पालिकेच्या बजेटच्या दिवशी विचारायला हवा.

(पडद्यावर: वाडा तालुक्याचं जंगल, गारगाई नदी)

कारण पुढचं धरण रांगेत उभं आहे. गारगाई, पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या जंगलात. रोज ४४० दशलक्ष लिटर मिळतील. त्याच्यासाठी सहा गावं उठणार आणि लाखांनी झाडं जाणार. मध्ये हा प्रकल्प बाजूला ठेवून मुंबईच्याच किनाऱ्यावर मनोरीला समुद्राचं पाणी गोड करायचं ठरलं होतं, २०० दशलक्ष लिटरपासून सुरुवात, मग आता परत दोन्ही चर्चेत आहेत. माझं स्पष्ट मत आहे, गारगाईच्या आधी शहराने आपल्या गळतीचा हिशोब द्यावा. गळती आणि चोरीत पाव हिस्सा ते एक तृतीयांश पाणी जातं असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. पाव हिस्सा जरी धरला तरी रोजचे साडेनऊशे दशलक्ष लिटर होतात, म्हणजे दोन गारगाई! सगळी गळती कधीच थांबत नाही, ब्रिटिशांच्या काळातल्या बिडाच्या लाइनी आहेत, वर रस्ते, इमारती, झोपड्या, खणायला जागा नाही, हे कबूल. पण निम्मी थांबवली तरी एक अख्खं धरण वाचतं आणि सहा गावं जागेवर राहतात.

आणि लाइन फक्त जुनी म्हणून फुटते असंही नाही. ठाण्यात कोणीतरी बोअरवेल खणली आणि खाली जमिनीत खोल असलेल्या पालिकेच्या जलबोगद्यालाच भोक पडलं, दुरुस्तीसाठी २०२३ मध्ये महिनाभर १५ टक्के कपात जाहीर करावी लागली. एका बोअरने अख्ख्या शहराचं पाणी कमी केलं. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा कळलं की किती सोसायट्या, बांधकामं, हॉटेलं नळापेक्षा टँकरवरच चालतात, शेवटी पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढावा लागला तेव्हा संप मिटला.

पाण्याची तक्रार वॉर्ड ऑफिसमध्ये आपण सगळेच करतो, प्रेशर नाही, गढूळ येतंय, टाइम बदलला. त्याच अर्जात आणखी दोन ओळी लिहा. आमच्या वॉर्डात रोज किती पाणी येतं आणि त्यातलं किती मीटरवर मोजलं जातं, हे लेखी सांगा. माहितीच्या अधिकारात हे विचारता येतं, अर्जाची फी १० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की खाली कमेंटमध्ये वॉर्डाच्या नावासकट टाका, पुढच्या भागात आम्ही ते आकडे घेऊन गारगाईच्या गावांमध्ये जाणार आहोत.