खिळवणारे शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

जाळ्यात अडकलेल्या माशीकडे कोळी सावकाश सरकतोय. बघणाऱ्याला कोळ्यांची भीती वाटते, अंगावर काटा येतो, पण नजर काही हटत नाही. इंग्रजीत हा माणूस ‘फॅसिनेटेड’ झाला. तो ‘चार्म्ड’ मात्र मुळीच नाही. भाषांतर करताना आपण दोन्हीकडे ‘मोहून गेला’ लिहून मोकळे होतो, आणि मला ते फार सलतं.

फॅसिनेट लॅटिनमधून आलाय. तिथे त्याचा अर्थ चेटूक करणं. साप नुसत्या नजरेनं भक्ष्याला जागीच खिळवतो अशी पूर्वी समजूत होती. त्यासाठीही इंग्रजीत हाच शब्द वापरत. म्हणून फॅसिनेट व्हायला आवड लागत नाही, लक्ष खिळलं की पुरे. एखादी संशोधक जीवघेण्या विषाणूनंही फॅसिनेट होते. चार्म आणि एन्चान्ट या दोघांच्या मुळाशी मात्र गाणं आहे, मंत्र आहे. तिथे गोडवा हवाच. कॅप्टिव्हेटच्या पोटात कैदी दडलाय, पण आज ही कैद सुखाची असते.

मेस्मराइझची गोष्ट वेगळीच. फ्रान्झ मेस्मर हा अठराव्या शतकातला डॉक्टर. शरीरात एक चुंबकीय द्रव वाहतो, असं मानून तो उपचार करायचा. 1784 साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. असा द्रव असल्याचा काहीही पुरावा नाही, असा निर्वाळा समितीनं दिला. उपचार बदनाम झाले, नाव भाषेत टिकलं. मेस्मराइझ झालेल्याचं भान हरपतं, विचार थांबतो. म्हणून त्या संशोधकेला हा शब्द लावू नये. तिचं डोकं तर जोरात चालू असतं! काहीतरी कोडं पडलंय, उलगडा हवाय, अशा वेळी ‘इंट्रिग्ड’ चपखल बसतो.

आता एक बारकावा, जिथे पुष्कळजण अडखळतात. ‘फॅसिनेशन विथ’ म्हटलं की ओढ माणसाची: मुलीला ताऱ्यांचं वेड आहे. ‘फॅसिनेशन फॉर’च्या रूढ वापरात ओढून घेण्याची ताकद ताऱ्यांची, आणि ओढली जाते ती मुलगी. हल्ली पहिल्या अर्थानंही ‘फॉर’ सर्रास ऐकू येतो. तरी कोण कोणाकडे ओढलं जातंय हे वाक्यातून स्पष्ट होत नसेल, तर माणसाच्या ओढीसाठी ‘विथ’च घ्या.