पर्सेपोलिसच्या जिन्यावरचे हात

मंडळी, नमस्कार. राजवाडा म्हटला की आपण सिंहासनापासून सुरुवात करतो. मी आज जिन्यापासून करणार आहे, कारण इराणातल्या या राजवाड्याचं मन मला त्याच्या जिन्यातच सापडलं.

शिराझपासून साधारण साठ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी दगडी चौथरा आहे. त्याची लांबी साडेचारशे मीटर आणि रुंदी तीनशेच्या आसपास. इसवी सन पूर्व 518 च्या सुमारास इराणचा सम्राट पहिला दारियस यानं हे काम सुरू केलं आणि त्याच्या मुलानं, झर्क्सीझनं पुढे नेलं. त्या राजांसाठी हे ‘पार्सा’ होतं. पर्सेपोलिस हे नाव ग्रीकांचं, आणि आजचे इराणी लोक त्याला तख्त-ए-जमशीद म्हणतात.

चौथऱ्यावर चढायला समोरासमोर दोन जिने आहेत, प्रत्येकाला 111 पायऱ्या. एकेक पायरी जेमतेम दहा सेंटिमीटर उंच. आपल्या गडांवरच्या पायऱ्या आठवा, गुडघे बोलायला लागतात! इथं मात्र पायघोळ झगा घातलेला वयस्क सरदारही धाप न लागता, शेजाऱ्याशी बोलत वर जाऊ शकतो. पाहुणा दमलेला नको, सावकाश आणि दिमाखात यायला हवा, हे शिल्पकारांनी दगडातच ठरवून टाकलेलं आहे.

वर झर्क्सीझचा ‘सर्व राष्ट्रांचा दरवाजा’ लागतो. माणसाच्या चेहऱ्याचे, पंख असलेले बैल तिथं उभे आहेत. तुम्ही मुंबईकर असाल तर ते ओळखीचे वाटतील. फोर्टातल्या एका अग्यारीच्या दाराशी असेच बैल आहेत.

पुढे अपादान, म्हणजे भव्य दरबार. आतला दिवाणखाना चौरस, एक बाजू साठ मीटरची. आत 36 खांब आणि तीन बाजूंच्या पडव्यांत बारा-बारा, असे एकूण 72. उंची वीस मीटरच्या घरात. माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले दोन बैल किंवा सिंह, आणि त्यांच्या मधल्या खाचेत छताची तुळई. शोभेचा प्राणी आणि भार पेलणारा दगड, दोन्ही एकच!

आता पूर्वेच्या जिन्याकडे या. भिंतीवर तेवीस प्रांतांची शिष्टमंडळं कोरली आहेत, दोन मंडळांमध्ये एक सरूचं झाड. जो पाहुणा हा जिना चढत असेल, त्याच्या शेजारून दगडातले पाहुणेही चढत असतात. त्याआधी आजच्या इराकच्या भागात राज्य करणाऱ्या ॲसीरियाच्या राजांनी आपल्या भिंतींवर वेढे आणि कापलेली मुंडकी कोरली. इथं कुणाच्या हातात बेडी नाही. प्रत्येक मंडळाच्या म्होरक्याचा हात दरबारी अधिकाऱ्यानं हातात धरला आहे, आपण लग्नात वडीलधाऱ्यांना मांडवात नेतो तसा. दुसऱ्या बाजूला सरदारांची रांग आहे. त्यातला एकजण मागं वळून बोलतोय, दुसऱ्यानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलाय. मला मान्य आहे, हे राजाला हवं तसं रंगवलेलं साम्राज्य आहे. जिंकलेल्या मुलखांतून येणारा पैसा काही प्रेमानं येत नव्हता. पण सत्तेनं स्वतःला कसं दाखवायचं, याची ही निवड मला फार मोठी वाटते.

इथं जरा थांबू या. एलामचे, म्हणजे नैऋत्य इराणातले लोक एक सिंहीण घेऊन आलेत. मागच्या दोघांनी तिचे छावे उचलून धरलेत आणि ती मान वळवून त्यांच्याकडे बघतेय. ज्यानं हे कोरलं, त्यानं जनावराची आई नीट पाहिली होती.

आणि हा आपला माणूस, हिंदुश प्रांताचा, म्हणजे सिंधूच्या खोऱ्यातला. कमरेला धोतरासारखं वस्त्र, उघडं अंग, अनवाणी पाय आणि खांद्यावर चक्क कावड! कावडीच्या पारड्यांत छोट्या पिशव्या आहेत. त्यांत सोन्याची धूळ असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनंही भारतीयांचा कर 360 टॅलंट (टॅलंट हे तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याच्या धुळीचा सांगितला आहे. मागं एक गाढव चाललंय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परक्या दरबारात खांद्यावरची ती काठी बघून मला भरून येतं.

हे घडवलं कुणी? सुसा या आपल्या दुसऱ्या राजधानीतल्या राजवाड्याबद्दल दारियसनं स्वतःच लिहून ठेवलंय: देवदार लेबनॉनचा, हस्तिदंत कुश (इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश) आणि हिंदचा, विटा भाजणारे बाबिलोनचे, दगड घडवणारे आजच्या तुर्कस्तानातल्या आयोनियाचे आणि सार्डिसचे. पर्सेपोलिसला हजारो मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत कामगारांना किती धान्य दिलं, याच्या नोंदी आहेत. बायकांच्याही, आणि बाळंतिणींना मिळालेल्या जादा शिध्याच्याही.

हे सगळं आज राखाडी दिसतं, पण तेव्हा रंगवलेलं होतं. निळ्या-तांबड्याचे कण अजून फटींत सापडतात.

इसवी सन पूर्व 330 मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याच्या हातून आग लागली. देवदाराचं छत जळालं, कच्च्या विटांच्या भिंती पुढे ढासळल्या आणि पूर्वेचा जिना त्या मातीखाली गाडला गेला. 1930 च्या दशकात तो उकरला तेव्हा दाढीची कुरळी बटसुद्धा शाबूत होती. उत्तरेच्या जिन्यावर हीच मिरवणूक आहे, पण त्याचा वरचा भाग उघड्यावर राहिला. तिथं ऊन-वाऱ्यानं आणि माणसांनी कित्येक चेहरे पुसून टाकलेत.