हत्तीला आंघोळ घालायची हौस

(उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मार्च उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कुर्ग, मुन्नार, श्रीलंका, थायलंडची पॅकेजेस फिरायला लागतात. त्यात एक ओळ हमखास असते : ‘सकाळी हत्ती कॅम्प’. न्याहारी आणि धबधबा यांच्या मध्ये कोंबलेला दीड तास. आज मी त्या दीड तासाबद्दलच बोलणार आहे. मी पशुवैद्य आहे, त्यामुळे बोलणं थोडं पाय, नखं, शेण असं होईल. चहा आधीच झालाय, तेव्हा हरकत नसावी.

हत्तीवर बसून फिरू नये, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. ट्रिपअ‍ॅडव्हायझरनं २०१६ मध्ये अशा सवारीची तिकिटं विकणं थांबवलं, परदेशी पाहुणे प्रश्न विचारायला लागले, आणि धंदा करणाऱ्यांनी वारं ओळखलं. हौदा उतरवला आणि बादली आणली. आता हत्तीवर बसायचं नाही, त्याला आंघोळ घालायची, केळी भरवायची, सोंड गळ्यात घेऊन फोटो काढायचा. पाटीही बदलली : सँक्च्युअरी, रेस्क्यू सेंटर, वृद्ध हत्तींचं विश्रामधाम. खासगी केंद्रानं पाटीवर असं लिहिलं म्हणून कुणी येऊन तपासणी केलेली असते असं नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. हत्ती दाखवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

आंघोळीत वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. हत्तीला पाणी आवडतंच की. आवडतं. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान आपल्यालाही आवडतं. पण दिवसातून पाच वेळा, दर वेळी नव्या अनोळखी माणसांनी, त्यांच्या बसच्या वेळापत्रकाप्रमाणे घातलेलं? मोकळा हत्ती पाण्यातून बाहेर आला की लगेच अंगावर चिखल उडवतो, धूळ फुंकतो. ऊन आणि माश्या यांच्यापासून बचावाचा तो त्याचा लेप असतो. कॅम्पमध्ये तो लेप बसायच्या आत पुढची बॅच ब्रश घेऊन हजर. तुम्ही गेलात तर एवढंच बघा : आंघोळीनंतर हत्तीला माती अंगावर घेऊ देतात का, की घासूनपुसून पुन्हा रांगेत उभा करतात?

आणि चार टनांचं जनावर, पाठीवर चार पोरं पाणी ओततायत तरी पाण्यात कुशीवर पडून राहतं, ते काही स्वभावानं नाही. आईपासून तोडून, बांधून, उपाशी ठेवून, मारून लहानपणीच त्याचा विरोध मोडलेला असतो. सवारीसाठी जे शिकवावं लागतं तेच आंघोळीसाठीही लागतं. तरीही भीतीचा भरवसा नसतो. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडच्या को याओ बेटावर हत्तिणीला आंघोळ घालत असताना एका स्पॅनिश तरुणीचा तिच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आणखी एक गोष्ट घाईत सांगते, कारण ती कुणी सांगत नाही : माणसाचा क्षयरोग हत्तीला होतो. सोंडेला गालाशी घेऊन सेल्फी काढताना दोघांचाही श्वास एकमेकांत मिसळत असतो.

आता पाय. कॅम्पमध्ये सगळे हत्तीच्या डोळ्यांकडे बघतात आणि ‘बघ किती दुःखी आहेत’ म्हणतात. मला डोळ्यांतलं काही कळत नाही, मी पाय बघते. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायांना सहसा पाच आणि मागच्या पायांना चार नखं असतात. ती वाढून दुमडली आहेत का? नखाच्या मुळाशी भेग, ओल, पू दिसतो का? तळव्याची गादी गुळगुळीत झिजली आहे, की चिरा पडल्या आहेत? रानातला हत्ती दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत चालत असतो, त्यानं पाय आपोआप घडत राहतात. सिमेंटच्या ओट्यावर, स्वतःच्याच मुताच्या ओलीत उभा राहिलेला हत्ती पायांनीच संपतो. बंदिवासातल्या हत्तींच्या मृत्यूमागे पायांचे आणि सांध्यांचे आजार हे मोठं कारण असतं. तेव्हा आधी जमीन बघा, मग साखळीच्या जागी घोट्याला पडलेला वळ बघा. हत्ती एकाच जागी डावीकडून उजवीकडे सारखा झुलत असेल, तर ‘बघ कसा नाचतोय’ असं मुलांना सांगू नका. ते कोंडलेपणाचं लक्षण आहे. माहुताच्या हातात अंकुश नाही म्हणून खूश होऊ नका. मुठीत लपवलेला खिळाही तेच काम करतो.

पिल्लू दिसलं तर जास्त सावध व्हा. हत्तीण बावीस महिने गाभण असते, पिल्लू पुढे काही वर्षं दूध पितं. सुटका केलेले हत्तीच सांभाळताना ज्याची दमछाक होते, तो आणखी पिल्लं कशाला जन्माला घालेल? गोंडस पिल्लू गर्दी खेचतं, म्हणूनच.

श्रीलंकेत याची दोन उदाहरणं बघायला मिळतात, आणि पुण्याच्या बहुतेक सहली नेमक्या चुकीच्या ठिकाणी थांबतात. कोलंबो-कँडी रस्त्याच्या बाजूला पिन्नवाला आहे. १९७५ मध्ये अनाथ पिल्लांसाठी सुरू झालं, १९८४ मध्ये तिथं पहिलं पिल्लू जन्मलं, आणि आज तो कळप म्हणजे रोज ठरल्या वेळी नदीवर नेला जाणारा देखावा झाला आहे. दुसरं ठिकाण दक्षिणेत, उडावलावेला : एलिफंट ट्रान्झिट होम, १९९५ पासूनचं. तिथंही अनाथ पिल्लं येतात. पण ती साधारण पाच वर्षांची झाली की पुन्हा जंगलात सोडतात. आजवर शंभरहून अधिक सोडली आहेत. दर तीन तासांनी दूध पाजायची वेळ होते, तेवढ्यापुरतं तुम्हाला लांबच्या गॅलरीत उभं राहू देतात. पिल्लं धावत येतात, नळीनं दूध पितात, निघून जातात. ‘काहीच करायला मिळालं नाही’ अशी तक्रार तिथून परतलेल्यांकडून मी ऐकली आहे. त्याहून चांगली शिफारस मला सुचत नाही.

कारण माझी कसोटी तीच आहे. तुम्हाला जितकं कमी करू देतात, तितकी ती जागा हत्तीची. हत्तीला तुमच्याकडे पाठ फिरवून निघून जाता येतं का, हे बघा.

ताजमहाल बघायला जाणारे मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएस या प्राण्यांची सुटका करणाऱ्या संस्थेच्या केंद्रात आधी नोंदणी करून जाऊ शकतात. सर्कशीतले, वरातीतले, रस्त्यावर भीक मागायला लावलेले हत्ती तिथं आहेत. २०१८ मध्ये तिथं हत्तींचं रुग्णालयही उभं राहिलं. थायलंडमध्ये चिआंग माईजवळ लेक चैलर्ट यांचं एलिफंट नेचर पार्क आहे, सवारी नाही, खेळ नाहीत. त्या देशात १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी आली, ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले आणि पर्यटनात आले, हे विसरू नका. एक हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. माहुताला घर आहे, पोरं आहेत. तेव्हा तिकीट लावणाऱ्याला चोर समजायचं कारण नाही. तिकिटात काय विकतायत तेवढं विचारायचं. वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन या संस्थेनं २०१७ मध्ये आशियातल्या सहा देशांतल्या पर्यटनातल्या सुमारे तीन हजार हत्तींची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात ७७ टक्के हत्ती अतिशय वाईट अवस्थेत होते. म्हणजे आडाखे न बांधता विचारणंच बरं.

वनखात्याचे कॅम्प चांगल्या आणि वाईट, दोन्हींच्या मधले. कुर्गमध्ये कावेरीकाठच्या दुबारेला पर्यटकांनी हत्ती घासायची प्रथा वर्षानुवर्षं चालली आहे, ती मला पसंत नाही. पण अशा कॅम्पांतले हत्ती रात्री पायात लांब साखळी ठेवून रानात चरायला सोडतात, हे कित्येक खासगी ठिकाणांपेक्षा बरं. आपल्या गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा कॅम्प आहे. तिथं हिवाळ्यात हत्तींना काही दिवस सुट्टी असते आणि ‘चोपिंग’ करतात : जडीबुटी उकळून केलेला गरम लेप पायांना चोपायचा. पर्यटकांना त्या दिवसांत बंदी. ही बातमी वाचून मला पशुवैद्य म्हणून फार बरं वाटतं.

तुमच्यातून चिठ्ठी आली आहे, येणारच होती : कोल्हापूरकडच्या नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीचं काय? जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ती जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात गेली, तेव्हा गावकरी रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. तिच्या पायांचे, सांध्यांचे आजारही खरे होते. माया असली म्हणजे हत्तीला हवा तो कळप, माती आणि चालायला जागा मिळतेच असं नाही, हे मान्य करायला आपल्याला जड जातं. मात्र मठाच्या हत्तिणीवर तावातावानं बोलणाऱ्यांनी मे महिन्यात कुर्गला जाऊन ब्रश हातात घेऊ नये, एवढं तरी पाळावं.

पैसे भरण्याआधी ईमेल करा. रात्री हत्ती कुठं असतात? एकत्र असतात की सुटे बांधलेले? इथं शेवटचं पिल्लू कधी जन्मलं? एका वेळी किती पाहुणे घेता? चांगली केंद्रं लांबलचक उत्तर देतात, कधीकधी कंटाळा येईल इतकं. नुसतं सवलतीचं कूपन आलं तर समजून जा.

आणि खरं सांगू, कॅम्पच कशाला? मार्च ते मे कर्नाटकातल्या कबिनी धरणाचं पाणी ओसरतं, काठावर कोवळं गवत येतं आणि नागरहोळे-बंडीपूरचे हत्ती कळपांनी तिथं उतरतात. श्रीलंकेला ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर मिन्नेरियाच्या तलावाकाठी असंच, शेकड्यानं. कुर्गच्या पॅकेजमधला तो दीड तास काढा आणि कबिनीचा एक मुक्काम वाढवा. सफारी सुरू आहे ना, हे निघण्याआधी वनखात्याकडे विचारा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला मात्र ‘जंगली हत्ती बघायला’ म्हणून गाड्या घेऊन जाऊ नका. २००२ पासून हत्तींपायी तिथल्या लोकांच्या नारळी-केळी जातायत, त्यात आपली गर्दी नको.

मुलांना हत्तीला हात लावायचा असतो, त्यांना काय सांगायचं, असं पुढच्या रांगेतून विचारलंय. हात लावायचा नाही, हे सरळ सांगा. मुलं ऐकतात, हट्ट बहुधा बाबांचा असतो. दुर्बीण मात्र प्रत्येकाला वेगळी घ्या. एकच असली की गाडीत भांडणं लागतात आणि तोवर हत्ती निघून गेलेला असतो.